धागा: 'पुणेवैभव'चा १८८१चा अंक हवाय. विद्यापीठाच्या ग्रंथालयातून कसा शोधायचा?

बोरीचा_बार
नमस्कार मंडळी. मी बुलडाणा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मराठी शिकवते आणि पीएचडी करतेय. विषय आमच्याच गावचा, ताराबाई शिंदे. 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ साली पुण्यात श्रीशिवाजी छापखान्यात छापलं गेलं, हे सगळ्यांना माहीत आहे. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवरच्या बालहत्येच्या खटल्यावरून 'पुणेवैभव' पत्रात बायकांना झोडपणारा मजकूर आला आणि त्यावर बाईंनी हे पुस्तक लिहिलं, हेही प्रत्येक लेखात असतं. पण तो मूळ मजकूर कुणी पुढ्यात ठेवतच नाही हो! सगळे एकमेकांचं वाक्य उचलतात आणि पुढे जातात. मला ज्या लेखावर बाई एवढ्या चिडल्या तो वाचायचाय, आणि पुस्तक आल्यावर दोन-तीन वर्षांत कोण काय बोललं तेही. गाइड म्हणतात विद्यापीठाच्या लायब्ररीतून सुरुवात कर. तिथल्या कॉम्प्युटरवर ताराबाई शिंदे टाकलं तर एक पुस्तक दिसतं, पुणेवैभव टाकलं तर शून्य. आता पुढे काय? ज्यांनी असं जुनं काही शोधलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा, मला खरंच गरज आहे.

शाईचा_डाग
विषय फार आवडला. आधी एक करा, रोझालिंड ओहॅन्लन यांनी 'तुलने'चा इंग्रजी अनुवाद केलाय, १९९४, ऑक्सफर्ड. त्याची प्रस्तावना मोठी आहे आणि खाली तळटीपा आहेत. मजकूर नंतर वाचा, आधी तळटीपा वहीत उतरवा. त्यांनी कुठल्या पत्राचा कुठला अंक पाहिला, कुठल्या दफ्तरात पाहिला, ते तिथेच कळतं. विद्यापीठाच्या लायब्ररीत हे पुस्तक नसेल तर काउंटरवर आंतरग्रंथालयीन देवघेवीचा फॉर्म मागा. डेलनेट या ग्रंथालयांच्या जाळ्याची मेंबर असलेली लायब्ररी दुसरीकडून मागवून देते.

गंजलेली_पिन
एवढी दगदग कशाला? अर्काइव्ह डॉट ऑर्गवर जा, सगळं आहे. मी गेल्या कित्येक वर्षांत लायब्ररीची पायरी चढलेलो नाही, माझं काही अडलं नाही.

परिग्रहण
मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात आयुष्य काढून निवृत्त झालो, म्हणून जरा लांब लिहितो, चालवून घ्या.

बोरीचा_बार, ओपॅकवर, म्हणजे ग्रंथालयाच्या त्या कॉम्प्युटरवरच्या यादीत, शून्य आलं म्हणजे ग्रंथालयात नाही असं अजिबात समजू नका. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या ग्रंथालयांत कार्डांवरून कॉम्प्युटरवर नोंदी चढवायचं काम टप्प्याटप्प्याने झालं. नवी पुस्तकं आधी, मग जास्त खपणारी, आणि जुन्या मराठी नियतकालिकांचे बांधीव खंड सगळ्यात शेवटी. कधी पंधरा खंडांची मिळून एकच नोंद असते, कधी नुसतंच 'मराठी नियतकालिके, संकीर्ण' एवढं असतं. म्हणून कार्डांचे खण शिल्लक आहेत का ते विचारा. ते काढले असतील तर परिग्रहण नोंदवही मागा, म्हणजे दाखल रजिस्टर. प्रत्येक पुस्तकाला आत येताना तिथे नंबर पडतो. एखाद्या वकिलाचा किंवा इनामदाराचा अख्खा संग्रह देणगी आला असेल तर त्याच्या सलग ओळी दिसतात, आणि असल्या संग्रहांतच जुनी पत्रं सापडतात.

दुसरं, वर्गांक, म्हणजे विषयानुसार पुस्तकाला दिलेला नंबर. मराठी साहित्य ड्यूईच्या वर्गीकरणात ८९१.४६. पण 'स्त्रीपुरुष तुलना' साहित्यातच असेल असं नाही. आज स्त्रियांवरचं सामाजिक लेखन ३०५.४ला जातं, पण वर्गीकरण पूर्वी झालं असेल तर ३०१.४१२ वर बघा. वर्तमानपत्रं ०७९. एकाच पुस्तकाच्या प्रती तीन मजल्यांवर विखुरलेल्या असू शकतात, तेव्हा कपाटासमोर उभं राहून आजूबाजूची पाठपट्टीही वाचत जा.

तिसरं आणि माझ्या मते पहिलं: सूची. शं. ग. दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' संदर्भ विभागात नक्की असते. पहिला खंड १८०० ते १९३७पर्यंतचा, दुसरा १९३८ ते १९५०. नियतकालिकांची वेगळी सूची आहे, तीत पत्र कुठून निघायचं वगैरे मिळतं. घरून निघायच्या आधी सर्च बॉक्समध्ये बोटं घालण्यापेक्षा हे खंड पुढ्यात घेऊन बसा. एकट्या माणसाने गावोगावी हिंडून, पुस्तकं हाताळून केलेलं काम आहे ते, आणि आज प्राध्यापकही ते उघडत नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गंजलेली_पिन
परिग्रहण सर, माहिती भारी आहे, पण तुम्ही सांगताय त्यातलं निम्मं आता स्कॅन झालंय हेही खरं ना?

जुनी_पानं
@गंजलेली_पिन, स्कॅन झालंय हे खरं, सापडतं हे खरं नाही. अर्काइव्हवरचा मराठीचा मोठा साठा डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाचा आहे. त्या नोंदी रोमनमध्ये, कशाही हिज्जांनी केलेल्या. लेखकाच्या जागी प्रकाशक, वर्षाच्या जागी भलतंच काही. एकच नाव चार तऱ्हांनी टाकून बघावं लागतं. माझी पद्धत सांगते: लेखकाचं नाव सोडून द्यायचं, शीर्षकातला एखादाच न चुकणारा शब्द घ्यायचा आणि भाषा मराठी लावून शोधायचं. उघडल्यावर आधी मुखपृष्ठ, मग शेवटचं पान, मग मधली पानं सलग आहेत का ते पाहायचं. पानं दोनदा स्कॅन झालेली किंवा मधली आठ गायब हे फार दिसतं. संशोधनात उद्धृत करायचं असेल तर पुन्हा छापील प्रतीकडे जावंच लागतं, आणि ती प्रत लायब्ररीतच असते.

रंकाळ्याची_पोरं
आमच्याकडं शिवाजी विद्यापीठात खर्डेकर ग्रंथालय आहे, लई मोठं. पण मी एक सांगतो ताई, विद्यापीठं आपली नवी. आमचं १९६२चं, पुण्याचं १९४९चं, तुमचं अमरावतीचं तर १९८३चं. १८८१चा पेपर त्यांच्याकडं आला तर देणगीतनंच येणार. त्याच्या आधीची वाचनालयं बघा की! आमचं करवीर नगर वाचन मंदिर १८५०चं, पुणे नगर वाचन मंदिर १८४८चं, रत्नागिरीचं तर १८२८चं. जे पेपर त्यांनी वर्गणी भरून घेतले तेच गठ्ठे बांधून ठेवलेत. विद्यापीठाच्या ग्रंथपालाची चिठ्ठी घेऊन जावा, म्हणजे दार लवकर उघडतं.

शाईचा_डाग
+१. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं, मुंबईचं १८९८चं. मुंबईच्या संग्रहालयाचा संदर्भ विभाग दादर पूर्वेला नायगावात आहे. आणि १९७५ साली 'स्त्रीपुरुष तुलना' पुन्हा उजेडात आणलं ते स. गं. मालशे यांनी. बुलडाण्याच्या बाईंचं पुस्तक सुमारे नव्वद वर्षं विस्मृतीत होतं आणि ते कपाटात शोधणाऱ्या माणसामुळे परत आलं. जुन्या कपाटांची किंमत एवढी आहे!

बोरीचा_बार
अरे बाप्पा, एका रात्रीत एवढं! परिग्रहण सर, ३०१.४१२ लिहून घेतलं. रंकाळ्याची_पोरं, तो मुद्दा डोक्यातच आला नव्हता. पण एक विचारते, ओहॅन्लनबाईंचं इंग्रजी पुस्तक वापरलं तर तोंडी परीक्षेला 'मराठीच्या विद्यार्थिनीने मराठी विषयासाठी इंग्रजी संदर्भ का' असं विचारतील का?

धुंडाळे
विचारू देत! तळटीपेला भाषा नसते.

ओसरी
मला वेगळंच बोलायचंय. तुम्ही सगळे पीएचडीवाले आहात, तुमच्याकडे ओळखपत्र आहे. मी बँकेत नोकरी केली, आता स्वतःच्या आवडीने जुन्या मराठी प्रवासवर्णनांवर काम करतेय. एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेले तर 'कुठल्या विभागाच्या?' म्हणाले. कुठल्याच नाही म्हटल्यावर आत बसूसुद्धा दिलं नाही. पैसे भरायची तयारी होती, ओळखपत्र होतं, काय वाचायचंय त्याची यादी होती. जनतेच्या पैशावर चाललेल्या ग्रंथालयात जनतेला बसता येऊ नये हे मला पटत नाही आणि पटणारही नाही.

परिग्रहण
ओसरीताई, तुमचा राग रास्त आहे. बाहेरच्या वाचकाला बसू द्यायचं की नाही हे प्रत्येक विद्यापीठ आपापल्या नियमाने ठरवतं. काही ठिकाणी दिवसाचा किंवा महिन्याचा पास मिळतो. काउंटरवर विचारू नका, तिथल्या माणसाला 'नाही' म्हणणं सोपं असतं. ग्रंथपालांच्या नावाने पत्र लिहा, काय पाहायचंय त्याची नेमकी यादी जोडा, वर्गांकांसह. यादीत वर्गांक दिसला की समोरच्याला कळतं की हा वाचक तयारीचा आहे. शिवाय एशियाटिक सोसायटी विसरू नका. १९५४च्या कायद्याने देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत ज्या चार ठिकाणी जायला हवी, त्यातलं एक मुंबईत एशियाटिकच्याच इमारतीत आहे, राज्य मध्यवर्ती ग्रंथालय.

जुनी_पानं
आणि आता तर 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' आलंय, जानेवारी २०२५पासून. तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार जर्नल्स सरकारी विद्यापीठं नि कॉलेजांना मिळतात. पण ती कुणाला? संस्थेतल्यांनाच. ओसरीसारख्यांना लॉगिन नाहीच. जेस्टोर या लेखांच्या ऑनलाइन संग्रहावर मात्र संस्थेशिवाय साधं खातं काढून महिन्याला काही लेख फुकट वाचता येतात, आणि तिथेच साउथ एशिया ओपन अर्काइव्हज म्हणून संग्रह आहे तो सगळ्यांना खुला आहे. ओसरी, प्रवासवर्णनांसाठी नक्की बघा.

ओसरी
हे माहीत नव्हतं, आजच बघते. मनापासून धन्यवाद.

सरोवराकाठी
शिकागोहून लिहितोय. इथल्या विद्यापीठाच्या लायब्ररीत मराठीचे रॅकच्या रॅक आहेत. अमेरिकेने भारताला दिलेल्या गव्हाच्या बदल्यातल्या रुपयांतून, पीएल-४८० म्हणतात त्या योजनेतून, १९६२पासून भारतात छापलेली पुस्तकं अमेरिकेतल्या विद्यापीठांना यायला लागली. त्यामुळे साठ-सत्तरच्या दशकातली कथा-कविता, तुमच्याकडे रद्दीत गेलेली, इथे नव्यासारखी मिळते. १९७५ची मालशे प्रत अशाच वाटेने अमेरिकेत पोचते. १८८१चं वर्तमानपत्र मात्र या वाटेने येणार नाही, त्यासाठी मायक्रोफिल्म शोधा. सेंटर फॉर रिसर्च लायब्ररीज म्हणून संस्था इथेच आहे, दक्षिण आशियाच्या जुन्या छापील साहित्याची मायक्रोफिल्म त्यांच्याकडे असते.

शोधायची एक खूण सांगतो, ही कुणी सांगत नाही. अमेरिकन कॅटलॉगात मराठी नावं ठरलेल्या रोमन पद्धतीने लिहितात आणि व्यंजनातला प्रत्येक अ उमटवतात. आपण केतकर लिहिताना रोमनमध्ये मधला आणि शेवटचा अ खातो, ते खात नाहीत, त्यामुळे ते नाव 'केताकारा' वाचल्यासारखं दिसतं. ज्ञानकोशकारांचं मराठी काम या हिज्जांखाली असतं, आणि कॉर्नेलला असताना त्यांनी १९०९मध्ये छापलेलं जातींवरचं इंग्रजी पुस्तक साध्या 'केतकर' हिज्जांनी छापलेलं. दोन्ही तऱ्हांनी शोधलं नाही तर अर्धा माणूस हातातून जातो. वर्ल्डकॅट या जगभरच्या ग्रंथालयांच्या एकत्रित यादीतही हेच.

बोरीचा_बार
म्हणजे शिंदेमधला श सुद्धा रोमनमध्ये वेगळा?

सरोवराकाठी
हो, तिरपी रेघ असलेला एस, एच नाही. पण रेघा नाही टाकल्या तरी चालतं, नुसता एस टाका.

काळी_तीन
शोधगंगा कुणीच कसं आणलं नाही अजून? २००९च्या यूजीसी नियमांनंतर विद्यापीठं प्रबंध तिथे चढवतात, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेचं आहे. स्त्रियांच्या लेखनावरचे मराठी प्रबंध भरपूर मिळतील. त्यांची संदर्भसूची घ्या, काम झालं.

जुनी_पानं
काम झालं असं नका हो म्हणू. संदर्भसूची जशीच्या तशी उचलल्यामुळेच तर 'पुणेवैभव'चं ते एक वाक्य प्रबंधाप्रबंधातून फिरतंय. मी शोधगंगेवर एकाच चुकीच्या पृष्ठक्रमांकाचा माग काढत गेले, तो चार प्रबंधांत तसाच्या तसा आला होता. मूळ कुणी उघडलंच नव्हतं.

काळी_तीन
म्हणून काय सगळेच वाईट? माझ्या गाइडबाईंच्या काळच्या प्रबंधांत अशी परिशिष्टं आहेत की आज कुणी करणार नाही. हाताने उतरवलेल्या लेखांच्या याद्या, मासिकाच्या वर्षानुसार. स्कॅन तिरके आहेत पण सोनं आहे ते.

परिग्रहण
दोघींचंही बरोबर. प्रबंधातली यादी वाट दाखवायला वापरा, पुरावा म्हणून नको.

बंद_पाकीट
मंडळी, सगळे पुस्तकांतच अडकलात. मी मुंबईत पुराभिलेखागारात, म्हणजे सरकारच्या जुन्या दफ्तरखान्यात, काम केलंय, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, काळा घोड्याला. तिथे 'रिपोर्ट ऑन नेटिव्ह पेपर्स' नावाची मालिका आहे. इंग्रज सरकार देशी पत्रांवर नजर ठेवायचं. भाषांतरकाराच्या कचेरीत दर आठवड्याला मराठी-गुजराती पत्रं वाचली जायची आणि त्यातल्या मजकुराचा गोषवारा इंग्रजीत, गोपनीय म्हणून, छापला जायचा. पत्राचं नाव, तारीख, त्यात काय म्हटलं. मूळ पत्राचा एक कागद उरला नसला तरी त्यात काय छापून आलं होतं ते इथे वाचता येतं. १८८१च्या खंडात सुरत, विधवा, बालहत्या असं बघत जा. एक ध्यानात ठेवा, हा सरकारच्या चष्म्यातला सारांश आहे. जे सरकारला महत्त्वाचं वाटलं तेच त्यात येतं. तरी तारीख हाती लागली की पुढचा शोध दहापट सोपा होतो.

आणखी एक. १८६७च्या कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकाची नोंद करावी लागे आणि मुंबई इलाख्याची तिमाही यादी निघायची. छापखाना, पानं, किंमत, किती प्रती. 'तुलने'च्या पाचशे प्रती आणि नऊ आणे किंमत असं आपण वाचतो, ते पडताळायचं तर १८८२ची यादी काढा.

धुंडाळे
ज्या सरकारला संशय होता त्यानेच आपल्यासाठी कात्रणं जपली. गोपनीय खात्याला एक दंडवत.

शाईचा_डाग
@बंद_पाकीट, हे जबरदस्त आहे. यात भर: पत्रं त्या काळी एकमेकांतले उतारे द्यायची आणि एकमेकांवर तुटून पडायची. 'केसरी' जानेवारी १८८१मध्ये सुरू झाला, त्याचे त्या वर्षीचे अंक पुण्यात केसरीवाड्यात पाहता येतात. खटल्याच्या आसपासच्या महिन्यांत 'पुणेवैभव'ला कुणी उत्तर दिलंय का ते बघता येईल. आणि टाइम्स ऑफ इंडियाचे १८३८पासूनचे अंक प्रोक्वेस्ट या कंपनीने डिजिटल केलेत. तुमच्या विद्यापीठाची वर्गणी नसेल तर ज्या विद्यापीठाची आहे तिथे एक दिवस बसा. खटल्याच्या तारखा इंग्रजी पेपरात पटकन मिळतात.

रंकाळ्याची_पोरं
फोटो काढू देतात का पण? आमच्यात काही ठिकाणी झेरॉक्स नाही म्हणत्यात, कागद मोडतो म्हणून. बरोबरच हाय ते. बांधीव खंड झेरॉक्सवर पालथा घातला की पाठ गेलीच.

जुनी_पानं
मोबाइलने, फ्लॅश बंद करून, परवानगी घेऊन. त्या काळातला कित्येक कागद आता कडाडतो, पान उलटताना कोपऱ्याला धरू नका, खालून तळवा सरकवा. आणि प्रत्येक फोटोच्या आधी खंडाच्या पाठीचा आणि अंकाच्या तारखेचा फोटो काढा. नाहीतर घरी आल्यावर शंभर पानं आणि एकाचीही तारीख नाही.

सरोवराकाठी
आणि नुसता आपला लेख नका काढू, त्याच्या शेजारचे कॉलमही काढा. जाहिराती, पत्रव्यवहार. पुस्तकाची जाहिरात कोणत्या पत्रात आली यावरून वाचक कोण होता हे कळतं.

बोरीचा_बार
चार दिवस इथे आले नाही कारण लायब्ररीतच होते. सांगते काय काय झालं.

ग्रंथपालबाईंना दाखल रजिस्टरबद्दल विचारलं तर त्या एकदम उत्साहाने उठल्या, 'हे कुणी विचारत नाही' म्हणाल्या आणि स्वतः सोबत आल्या. 'पुणेवैभव' नाही, ते आता पक्कं झालं. पण देणगीतल्या कपाटात महात्मा फुल्यांच्या समग्र वाङ्मयाची १९६९ची आवृत्ती मिळाली. संपादक धनंजय कीर आणि स. गं. मालशे! म्हणजे 'तुलना' परत आणणारा माणूस त्याआधी हे करत होता. त्यात फुल्यांच्या 'सत्सार'चा १८८५चा दुसरा अंक आहे, आणि त्यात जोतीराव ताराबाईंच्या पुस्तकाची बाजू घेतात. मी हे दुसऱ्यांच्या लेखात वाचलं होतं, पण मूळ वाचताना अंगावर काटा आला. बाजू घ्यावी लागली म्हणजे कुणीतरी हल्ला केला होता, हो ना? पुस्तकाबद्दल कोण काय बोललं, या माझ्या दुसऱ्या प्रश्नाचं टोक इथे सापडलं. समग्र वाङ्मयाची पीडीएफ साहित्य संस्कृती मंडळाकडून फुकट मिळते हेही कळलं, पण कपाटासमोर उभी नसते तर ती उघडायचं सुचलं नसतं.

आता दिवाळीच्या सुट्टीत मुंबईला जाते, आधी पुराभिलेखागार, मग नायगाव. बंद_पाकीट, तिथे काय कागदपत्रं लागतात? गाइडचं पत्र पुरेल का?

बंद_पाकीट
गाइडचं पत्र, त्यावर विद्यापीठाचा शिक्का, आधार आणि फोटो. पत्रात 'संशोधनासाठी' एवढंच मोघम लिहू नका. मालिकेचं नाव आणि वर्ष लिहा: रिपोर्ट ऑन नेटिव्ह पेपर्स, मुंबई इलाखा, १८८१ आणि १८८२. सुट्ट्यांची यादी फोन करून विचारा, दिवाळीत सरकारी कचेऱ्या बंद असतात, लक्ष्मीपूजनाला पोचलात तर कुलूप बघून परत जाल.

परिग्रहण
पत्र दोन लिहून घ्या, एक पुराभिलेखागारासाठी आणि एक ग्रंथसंग्रहालयासाठी, वेगवेगळी. नायगावच्या पत्रात दाते यांच्या नियतकालिक सूचीतली नोंद जशीच्या तशी उतरवा. आणि तुमच्या ग्रंथपालबाईंनाही एक पत्र द्यायला सांगा, ग्रंथपालाने ग्रंथपालाला लिहिलेल्या पत्राचं वजन वेगळं असतं.

ओसरी
बोरीचा_बार, मी दादरलाच राहते. तुम्ही यायच्या आधी नायगावला जाऊन सूचीतलं पान बघून ठेवू का? पत्राचं नाव 'पुणेवैभव' जोडून बघायचं की 'पुणे वैभव' तोडून?

बोरीचा_बार
ताई, दोन्ही बघा प्लीज! आणि राहायचं काय ते निरोपातून बोलू.